सोलर डिशचा रिसिव्हर सुधारायचाय? आधी अडथळा कुठं आहे ते बघा

सोलर डिश म्हणजे ऊन एका जागी एकवटणारी आरशांची मोठी परात, आणि रिसिव्हर म्हणजे त्या जागी बसवलेलं, आत पाणी असलेलं पत्र्याचं भांडं. डिशची वाफ कमी पडली की आमच्या सोलापुरातल्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत पहिला इलाज ठरलेला असतो : रिसिव्हरला काळा रंग मारा. दुसरा इलाज, तांब्याचा रिसिव्हर करून घ्या. माणूस जरा शिकलेला असला तर तिसरा, आतून फिन (धातूच्या उभ्या पट्ट्या) लावा. तिन्ही इलाज खोटे नाहीत. पण कुठला कधी लागू पडतो हे न बघता पैसे घातले की खर्च होतो आणि वाफ होती तेवढीच राहते.

मी टॉवेलच्या डाइंग युनिटमध्ये बॉयलर, कॉम्प्रेसर, सॉफ्टनर असली सगळी युटिलिटी सांभाळतो. गच्चीवर १६ चौरस मीटरच्या शेफलर डिश आहेत, म्हणजे उन्हामागं फिरणाऱ्या, पण फोकस (ऊन एकवटतं ती जागा) एकाच ठिकाणी ठेवणाऱ्या. त्यांची वाफ बॉयलरचं फीडवॉटर, म्हणजे बॉयलरमध्ये भरायचं पाणी, तापवायला जाते, म्हणजे तेवढं जळण वाचतं. शिर्डीला संस्थानच्या प्रसादालयावर ७३ आहेत, त्याच जातीच्या. खाली लिहिलंय ते मुख्यतः अशा डिशसाठी. पण थर्मिक फ्लुइडवरच्या (उष्णता वाहून नेणाऱ्या तेलावरच्या) यंत्रणेला आणि राजस्थानात वीज करणाऱ्या सोलर थर्मल प्रकल्पांनाही हिशेबाची पद्धत हीच लागते, म्हणून मधूनमधून तिकडंही जाऊन येईन.

पत्रा किती तापतो, सगळं त्यावर

आरशांनी रिसिव्हरवर टाकलेल्या उन्हाला दोनच वाटा असतात. एक तर ते पत्र्यातून आत पाण्यात जाणार, नाहीतर पत्र्यावरूनच परत हवेत जाणार. आत जायला अडचण झाली की पत्रा जास्त तापतो, आणि जास्त तापला की हवेत जास्त सोडतो. म्हणून रिसिव्हरचं हीट ट्रान्सफर सुधारायचं म्हणजे पत्रा आतल्या पाण्याच्या तापमानाच्या जितका जवळ ठेवता येईल तितका ठेवायचा. दुसरं काही नाही.

आता आकडे घेऊ. १६ चौरस मीटरची डिश तिरकी असते, त्यामुळं उन्हासमोरचं तिचं खरं क्षेत्रफळ ऋतूप्रमाणं बदलतं. दिवस-रात्र समान असतात त्या सुमाराला ते साधारण साडेअकरा चौरस मीटर भरतं. थेट ऊन चौरस मीटरला ७०० वॉट धरलं तर ८ किलोवॉट आले. आरशात थोडं मुरतं, थोडं फोकसच्या बाहेर सांडतं, आणि ४० सेंटिमीटर व्यासाच्या गोल पत्र्यावर सव्वासहा किलोवॉट पोचले असं समजा. पत्र्याचं क्षेत्रफळ ०.१२५ चौरस मीटर. म्हणजे दर चौरस मीटरला ५०,००० वॉट. हा आकडा लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्यावर आहे.

ही उष्णता पाण्यापर्यंत जाताना ओळीनं चार थर ओलांडते आणि प्रत्येक थर आपला तापमानाचा हिस्सा मागतो. रंगाचा थर ५० मायक्रॉनचा आणि त्याची उष्णतावाहकता ०.३ धरली तर ८ अंश. ६ मिलिमीटर माइल्ड स्टीलचा पत्रा (वाहकता ५० च्या आसपास) ६ अंश. आतून उकळतं पाणी, ज्याचा उष्णता उचलण्याचा गुणांक निवांत ५,००० धरता येतो, १० अंश. आणि आतून १ मिलिमीटर क्षाराचा थर बसला असेल, तर त्याची वाहकता १ ते २ एवढीच, म्हणून २५ ते ५० अंश.

हे चार आकडे शेजारी ठेवून बघा. तांब्याचा पत्रा घातलात तर ६ चा १ अंशही राहणार नाही, वाचले पाच. त्या पाच अंशांसाठी तांब्याचा भाव मोजायचा का, हे मालकाला विचारा. स्टेनलेस ३०४ घातलं, गंज नको म्हणून बरेच जण घालतात, तर वाहकता १६ वर येते आणि ६ चे १९ अंश होतात. ते चालतं, पण मग पत्रा पातळ घ्या. रंगाचे थरावर थर चढवून ३०० मायक्रॉन केलात तर ८ चे ५० होतात. दर दिवाळीला जुन्या रंगावर नवा रंग मारणाऱ्यांनी हे जरूर वाचावं.

पुढचा आकडा मात्र मलाही पहिल्यांदा पटला नव्हता. आत ४ किलो दाबाची वाफ म्हणजे साधारण १५० अंश. स्वच्छ रिसिव्हरचा पत्रा बाहेरून १७५ च्या जवळ राहील; क्षार धरलेला, वाईटात वाईट, २२५ च्या जवळ. १७५ ला पत्रा उष्णतेच्या किरणांनी चौरस मीटरला सुमारे १,६०० वॉट सोडतो, २२५ ला सुमारे २,६५०. वाऱ्यानं जाणारी उष्णता धरून दोन्हींतला फरक १,७०० च्या आसपास. आणि येतायत किती? ५०,०००. म्हणजे मिलिमीटरभर क्षारानं खाल्लं साडेतीन टक्के.

मग क्षार काढायचा कशाला? त्याचं उत्तर वाफेत नाही, रिसिव्हरच्या आयुष्यात आहे : तापलेल्या पत्र्यावरचा रंग जळतो, वेल्डला रोज ताण-सैल ताण-सैल होत तडे जातात. पण ‘वाफ निम्मी झाली, क्षार धरला असेल’ असं कोणी म्हणालं तर मानू नका. निम्म्या वाफेचं कारण दुसरीकडं असतं, आणि बहुतेक वेळा रिसिव्हरच्या बाहेर.

हात लावायच्या आधी मोजा

एक स्वच्छ दिवस निवडा. गड्ड्याच्या यात्रेनंतरचे, जानेवारी-फेब्रुवारीतले दिवस उत्तम; एप्रिल-मेमध्ये ऊन कडक वाटतं पण हवेत धूळ आणि धुरकट असते, आणि आरशाला लागतं ते थेट ऊन, अंग भाजणारं गरम वारं नव्हे. दुपारी बारा ते एकच्या दरम्यान मोजलेलं पाणी (समजा ५० लिटर) रिसिव्हरमधून फिरवत ठेवा आणि ४० अंशावरून ८० अंशावर यायला लागलेला वेळ लिहा. लिटर गुणिले ४.१९ गुणिले वाढलेले अंश, भागिले सेकंद. उत्तर किलोवॉटमध्ये येतं. ५० लिटर ४० मिनिटांत ४० अंशांनी तापलं तर साडेतीन किलोवॉट. ८ पैकी साडेतीन, म्हणजे ४४ टक्क्यांच्या आत. डिसेंबरचं मोजमाप जूनच्या शेजारी ठेवू नका, वर सांगितलं तसं डिशचं क्षेत्रफळच बदललेलं असतं.

दुसरी चाचणी कोणी करत नाही आणि तीच सगळ्यात कामाची आहे. डिश फोकसमधून बाहेर फिरवा, ८०-८५ अंशाचं पाणी रिसिव्हरमधून फिरवत ठेवा आणि ते किती वेगानं निवतं ते बघा. ऊन नाही, आरसा नाही. जे जातंय ते निव्वळ रिसिव्हर आणि पाइपचं नुकसान. ही चाचणी वारा पडलेला असताना एकदा आणि दुपारच्या वाऱ्यात एकदा करा. दोन आकड्यांत मोठा फरक आला तर तुमचा प्रश्न वाऱ्याचा आहे. आतल्या फिनांनी तो सुटायचा नाही. दोन्ही आकडे लहान आले, म्हणजे नुकसान फारसं नाही, तरी पहिल्या चाचणीत किलोवॉट कमी, तर रिसिव्हरला सोडा आणि आरशाकडं जा.

तापमान मोजायला आयआर गन (लांबूनच तापमान सांगणारी) सगळ्यांकडं असते. ती चकचकीत अॅल्युमिनियमच्या पत्र्यावर धरली तर खोटं सांगते, फार कमी दाखवते. तिथं काळ्या रंगाचा ठिपका मारा किंवा कागदी टेप चिकटवा आणि त्यावर धरा. फोकसमधल्या पत्र्यासाठी गन नकोच. पत्र्याच्या पाठीमागच्या बाजूला, कडेशी, के टाइप थर्मोकपल (तापमान मोजणारी तारेची जोडी) बसवा. वरच्या कडेला एक आणि खालच्या कडेला एक. दोन्ही का, ते पुढं येईल.

आरसे आणि फोकस : इथंच निम्मी लढाई

आरशावर धूळ बसली की दहा टक्के सहज जातात, आणि आपल्याकडं धूळ बसायला वेळ लागत नाही. पहाटे, काच गार असताना धुवा. बोअरचं पाणी वापरू नका. वाळलं की पांढरे ठिपके पडतात आणि ते पुसून जात नाहीत. सॉफ्टनरचं किंवा आरओचं पाणी, मऊ कापड, एवढंच. कापडाचा तुटवडा आमच्याकडं नाही. रिजेक्ट टॉवेल छान चालतो, फक्त आधी धुऊन त्यातली कांजी घालवा.

फोकस बघायला कॅल्शियम सिलिकेटचा पांढरा बोर्ड काही सेकंद रिसिव्हरपुढं धरा, वेल्डिंगचा काळा चष्मा घालून, बाजूला उभं राहून. ठिपका पत्र्यापेक्षा मोठा किंवा खालीवर सरकलेला दिसला तर तेवढं ऊन इन्सुलेशनवर पडतंय. ऋतू बदलताना डिशचा आकार हातानं बदलावा लागतो आणि ते काम पुढं ढकललं जातं. उन्हाळ्यातल्या सेटिंगवर दिवाळीपर्यंत चाललेल्या डिश मी पाहिल्यात.

पोकळी आणि वारा

सपाट पत्रा उघड्यावर ठेवण्याऐवजी त्याच्याभोवती आत वळलेली कड करा, म्हणजे पोकळी तयार होते. ऊन तोंडातून आत शिरतं, पत्र्यावरून थोडं परत उसळतं, पण बाहेर न जाता पुन्हा आतल्या भिंतीवर आपटतं. साधा हिशेब आहे : रंग जुना होऊन १०० पैकी ८५ च शोषत असेल आणि पोकळीच्या तोंडाचं क्षेत्रफळ आतल्या भिंतींच्या चौथ्या हिश्श्याएवढं असेल, तर पोकळी म्हणून ती जवळजवळ ९६ शोषते. नव्या कोऱ्या भारी रंगाला एवढंच जमतं. भिंती मात्र पाणी वाहणाऱ्या हव्यात. कोरड्या इन्सुलेशनची कड ऊन गिळून स्वतः तापते, पाण्याला काही देत नाही. ती फक्त वारा अडवते.

तोंड जितकं खाली झुकलेलं तितकी गरम हवा आत अडकून राहते आणि वाऱ्याचं नुकसान कमी होतं. लातूरच्या महानंद डेअरीत दूध पाश्चराइज करायला ‘अरुण’ नावाची १६० चौरस मीटरची डिश बसवली होती, तिच्यातही नळीचं वेटोळं पोकळीत बसवलेलं होतं. आबू रोडच्या ‘इंडिया वन’ प्रकल्पात ६० चौरस मीटरच्या ७७० डिश आहेत, वीज करतात. तिथं प्रत्येक फोकसला बिडाचा पोकळ ठोकळा आहे, ज्यात उष्णता साठून राहते आणि संध्याकाळी वापरता येते.

पाठीमागं रॉकवूल (उष्णता अडवणारी दगडी लोकर) किमान १०० मिलिमीटर घाला आणि वरून क्लॅडिंग, म्हणजे पत्र्याचं आवरण, असं करा की पाणी शिरणार नाही. परतीच्या पावसात भिजलेलं रॉकवूल आतून ओलंच राहतं. ते नसल्यात जमा. आणि रिसिव्हरपासून हेडरपर्यंतचा (डिशची वाफ गोळा होते त्या मोठ्या पाइपापर्यंतचा) पाइप बघा. २ इंची उघडा पाइप १५० अंशाला मीटरमागं साडेतीनशे वॉटच्या पुढं सोडतो. असा १० मीटर पाइप म्हणजे एक अख्खी डिश वाटेतच संपली. फ्लँज आणि व्हॉल्व्ह ‘नंतर करू’ म्हणून उघडे राहतात, तेही यात धरा.

उकळणाऱ्या रिसिव्हरचा खरा शत्रू : अडकलेली वाफ

उकळतं पाणी उष्णता उचलण्यात वस्ताद आहे. त्याला फिन, नळीतली पट्टी, काही लागत नाही. त्याला लागतं एकच : झालेली वाफ तिथून लगेच निघून गेली पाहिजे आणि तिच्या जागी पाणी आलं पाहिजे. हे थांबलं की पत्र्याला पाण्याऐवजी वाफ चिकटते, आणि वाफेचा गुणांक काही दहांमध्ये असतो, हजारांत नाही. दहा अंशांचा फरक शेकडोंवर जातो.

रिसिव्हर खाली उतरवून रंग खरवडला की हे डोळ्यांनी दिसतं. खालचा भाग साधा करडा असतो. वरच्या कडेला मात्र चंद्रकोरीसारखा पट्टा, आतल्या बाजूनं पिवळसर, मग जांभळट, आणि अगदी कडेला निळा. स्टीलचे हे रंग म्हणजे तापमानाची नोंदवही : पिवळट २२० च्या आसपास, निळा ३०० च्या. आत १५० अंशाची वाफ असताना पत्रा ३०० ला गेला, म्हणजे तिथं पाणी नव्हतं. वाफ वर चढते, वरच्या कोपऱ्यात तिला बाहेर पडायला वाट नव्हती, तिथंच बसून राहिली. म्हणून थर्मोकपल वर एक आणि खाली एक. वरचं खालच्यापेक्षा वीस-पंचवीस अंशांनी जास्त दाखवायला लागलं की समजा.

इलाज लोहाराच्या कामाचा आहे, केमिस्टच्या नव्हे. वाफेची नळी रिसिव्हरच्या सगळ्यात वरच्या बिंदूवरून निघाली पाहिजे. दोन इंच खालून काढली तर वरचे दोन इंच कायम कोरडे. तिथून हेडरपर्यंत पाइप सतत चढता, मध्ये कुठंही पोट नको. परतीचं पाणी सगळ्यात खालून आत. हेडर रिसिव्हरपेक्षा जितका उंच तितकं पाणी आपोआप जोरानं फिरतं. परतीच्या पाइपात व्हॉल्व्ह लहान बसवून पैसे वाचवू नका, फिरणं तिथंच गुदमरतं. आतून खडखड आवाज येत असेल तर पाणी आणि वाफ एकाच नळीत भांडतायत. ती नळी मोठी करा.

याच विषयावर माझा भाचा एकदा प्रोजेक्ट घेऊन आला, मेकॅनिकलला आहे. ‘‘मामा, पाण्यात नॅनोफ्लुइड घालू का? पेपरांत लय भारी रिझल्ट आहेत.’’

‘‘कुठल्या डिशला?’’

‘‘तुमच्या वाफेच्या.’’

‘‘वाफ झाल्यावर तुझे कण कुठं जाणार?’’

तो जरा थांबला. नॅनोफ्लुइड म्हणजे अतिसूक्ष्म कण मिसळलेलं द्रव. पाणी उडून जातं, कण उडत नाहीत. क्षारासारखेच ते सगळ्यात तापलेल्या पत्र्यावर बसणार. बंद फेऱ्यातल्या तेलात किंवा पाण्यात तो प्रयोग करता येतो, तिथंही कण खाली बसू न देणं आणि दाट झालेलं द्रव ढकलायला पंपाला लागणारी जादा वीज हे दोन प्रश्न आहेतच. प्रोजेक्टला विषय चांगला आहे. वाफेच्या रिसिव्हरला नाही.

क्षार काढायचा आणि धरू द्यायचा नाही

क्षाराचा एक तुकडा काढून थोड्या अॅसिडमध्ये टाका. फसफसला तर कॅल्शियम कार्बोनेट, काम सोपं. फसफसलाच नाही तर सिलिका किंवा सल्फेट असेल, त्याला साधं अॅसिड पुरत नाही; जाणकार केमिकलवाल्याकडं द्या.

कार्बोनेटसाठी सल्फॅमिक अॅसिड, ५ ते १० टक्के, त्यात धातू वाचवणारा इन्हिबिटर, ५०-६० अंशाला, लहान पंपानं फिरवत ठेवा. वायू बाहेर पडायला वरचा व्हेंट उघडा ठेवा. फसफस थांबली की काम झालं. ‘अजून तासभर राहू दे’ म्हटलं की अॅसिड लोखंड खायला लागतं. मग सोडा अॅशच्या पाण्यानं उदासीन करून भरपूर धुवा. स्टेनलेसला मीठाचं अॅसिड, म्हणजे हायड्रोक्लोरिक, कधीही लावू नका. हातमोजे, चष्मा आणि शेजारी पाण्याची बादली हे सांगायला नको, तरी सांगतो.

पुन्हा धरू नये म्हणून सॉफ्टनर, पाण्याचा जडपणा काढणारं यंत्र. मिठानं रिजनरेट करायचं आठवणीनं केलं तरच तो सॉफ्टनर, नाहीतर नुसती टाकी. सॉफ्ट पाण्यातही विरघळलेले क्षार असतातच, फक्त ते चिकटत नाहीत. म्हणून ब्लोडाऊन, म्हणजे क्षार साठलेलं पाणी अधूनमधून सोडून देणं, सुटत नाही. कंडेन्सेट (वाफ निवून झालेलं पाणी) परत आणता आला तर उत्तमच, गरमही आणि स्वच्छही.

रंगाविषयी थोडंच

जुना रंग पूर्ण काढा, पत्रा एमरीनं करडा होईपर्यंत, मग थिनरनं पुसा. ६०० अंशाला टिकणारा सिलिकॉनचा मॅट काळा रंग घ्या आणि पातळ हात मारा. डब्यावर लिहिलेलं क्युरिंग, म्हणजे रंग तापवून पक्का करणं, टाळू नका. उन्हात करायचं असेल तर निम्मी डिश झाकून हळूहळू तापवा. एकदम पूर्ण फोकस दिला की रंगाला फोड येतात.

सिलेक्टिव्ह कोटिंग, म्हणजे ऊन शोषणारं पण उष्णता कमी सोडणारं, १५० अंशाच्या डिशला परवडत नाही. वर पाहिलं तसं इथं उष्णतेच्या किरणांनी जातात ५०,००० मधले दीड-दोन हजार. ट्रफमध्ये, म्हणजे पन्हाळीसारख्या लांब आरशाच्या यंत्रणेत, गोष्ट वेगळी : तिथं ऊन तितकं एकवटलेलं नसतं आणि तापमान ३९० च्या घरात. म्हणून ७० मिलिमीटरची स्टीलची नळी, तिच्यावर सिलेक्टिव्ह थर, भोवती १२५ मिलिमीटरची काच आणि मध्ये निर्वात पोकळी. राजस्थानात नोखला २०१३ मध्ये सुरू झालेला ५० मेगावॉटचा प्रकल्प ट्रफचाच आहे. अशा नळ्यांत तेल हळूहळू कुजून हायड्रोजन सोडतं, तो स्टीलमधून पार होऊन निर्वात पोकळीत शिरतो, आणि नळी बाहेरून तापायला लागते. शोषायला आत गेटर ठेवलेला असतो, तोही एक दिवस भरतो.

तेलावर चालत असेल तर मात्र वेग

पाण्याबद्दल जे सांगितलं ते थर्मिक फ्लुइडला उलटं लागू होतं. तेल स्वतः उष्णतेचं दुर्वाहक, वाहकता ०.१२ च्या आसपास. इथं खरा अडथळा आतल्या बाजूलाच असतो आणि तो वेगानं सुटतो.

२५ मिलिमीटरची नळी, २०० अंशाचं तेल. वेग सेकंदाला अर्धा मीटर असेल तर गुणांक ६०० च्या आसपास येतो. आपल्या ५०,००० ला भागलं तर नळी तेलापेक्षा ८५ अंशांनी जास्त गरम. वेग २ मीटर केला तर गुणांक १,८०० च्या जवळ, फरक २८ अंश. नियम असा की वेग दुप्पट केला की गुणांक पावणेदोन पटीच्या आसपास वाढतो. पण दाबाची घट साडेतीन पट होते आणि पंपाची वीज सात पट. म्हणून जुन्याच सर्किटवर मोठा पंप बसवण्याआधी रचना बघा. चार नळ्या समांतर असतील तर त्या दोन-दोन ओळीनं जोडून, तोच पंप वाढलेल्या दाबाला पुरेसा प्रवाह देतो का ते त्याच्या वक्रात (दाब-प्रवाहाच्या आलेखात) तपासा. वेटोळ्यात वळणामुळं तेल आडवंही घुसळतं, त्याचा फायदा फुकटात मिळतो.

नळीत पीळ दिलेली पट्टी किंवा तारेची स्प्रिंग घालायची तर इथं घाला. दाट, संथ वाहणाऱ्या तेलात तिचा गुण मोठा. आधीच जोरानं घुसळत असलेल्या प्रवाहात गुण कमी आणि घर्षणच जास्त. पट्टी घातल्यावर पंपाचा अँपिअर बघा आणि प्रवाह खरंच तेवढा राहिलाय का ते मोजा. प्रवाह पडला असेल तर जे कमावलं ते गेलं.

सगळ्यात धोक्याची वेळ डिसेंबरातली सकाळ. थंड तेल मधासारखं दाट असतं. पंप तोच, पण नळीत ते घुसळत नाही, सरळ थरांत सरकतं, आणि गुणांक काही दहांवर येतो. त्यावर पूर्ण फोकस दिला तर भिंतीलगतचं तेल दूध तळाला लागतं तसं लागतं, आणि तो कोळशाचा थर पुढं कायमचा इन्सुलेशन होऊन बसतो. आधी पंप चालवा, निम्मी डिश झाका, तेल ८०-१०० अंशाला आलं की झाकण काढा. वर्षातून एकदा तेलाचा नमुना लॅबला द्या.

वीज करणाऱ्या टॉवरमध्ये, जिथं शेकडो आरसे एका मनोऱ्यावरच्या रिसिव्हरवर ऊन टाकतात, हाच हिशेब टोकाला जातो. तिथं रिसिव्हरवर चौरस मीटरला ८ लाख वॉट पडतात तेव्हा सव्वा मिलिमीटरच्या नळीच्या भिंतीतच ५० अंश खर्च होतात. म्हणून तिथं नळी कागदासारखी पातळ घेतात. आत वितळलेलं मीठ, सोडियम नायट्रेट ६० आणि पोटॅशियम नायट्रेट ४० टक्के, ५६५ अंशापर्यंत. त्याची वाहकता ०.५ च्या आसपास. द्रव सोडियमची ७० च्या जवळ, हीट ट्रान्सफरला त्याच्याइतकं काही नाही, पण गळलं की पेट घेतं. स्पेनमध्ये अल्मेरियाच्या चाचणी केंद्रात १९८६ मध्ये तशी आग लागली होती.

लाइट गेली तर, आणि वेल्डिंगआधी

लाइट गेली की पंप थांबतो, ऊन थांबत नाही. डिश हातानं फोकसबाहेर काढायची सोय ठेवा आणि दुपारच्या पाळीतल्या प्रत्येकाला ती येऊ द्या. लाइट आल्यावर पंप लगेच चालू करू नका. कोरड्या तापलेल्या पत्र्यावर गार पाणी पडलं की वेल्ड उघडतो. आधी वरच्या थर्मोकपलचा आकडा खाली येऊ द्या.

दाबाखालच्या रिसिव्हरवर फिन, नळी, पॉकेट काहीही वेल्ड करायचं असेल तर मान्यताप्राप्त वेल्डरकडून, आणि बॉयलर इन्स्पेक्टरच्या कानावर घालून. काम झाल्यावर कामाच्या दाबाच्या दीडपट हायड्रो टेस्ट. त्यासाठी पाणीच भरायचं, कॉम्प्रेसरची हवा नाही. पाणी भरलेल्यात वेल्ड सुटला तर नुसती चिळकांडी उडते, हवा भरलेल्यात सुटला तर पत्राच उडतो.